मावशींचा डबा आणि अकरा तोळे सोनं

प्रश्न: मी कोथरूडमधल्या चौसष्ट फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे एकाच रात्री दोन बंद फ्लॅट फुटले. कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी एका घरातून अकरा तोळे सोनं नेलं, दुसऱ्यातून रोख रक्कम. त्यानंतरच्या सभेत ठराव झाला, की शेजारच्या वस्तीतून कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या जाताना गेटवर तपासायच्या. आमच्याकडे चौदा वर्षं भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या मावशी आहेत, महिना २,४०० रुपये देतो. पहिल्याच दिवशी वॉचमनने त्यांची पिशवी उघडली. आत माझ्या पत्नीने दिलेला फोडणीच्या पोळीचा डबा होता. तो चार लोकांसमोर उघडून पाहिला. मावशी डबा तिथेच ठेवून निघून गेल्या, त्याला आज नऊ दिवस झाले. चेअरमन म्हणतात, "गरिबी आहे तिथे चोरी असणारच, आपण सावध राहायला हवं." माझा मुलगा अर्थशास्त्र शिकतो. तो म्हणतो, "विषमता इतकी वाढल्यावर चोऱ्या होणारच, दोष व्यवस्थेचा आहे." खरं काय? आणि मी आता काय करू?

उत्तर: नमस्कार.

तुमच्या पत्रात अकरा तोळ्यांना एक ओळ मिळाली आहे आणि डब्याला तीन. काय बोचतंय ते तुम्हाला आधीच कळलेलं दिसतं. तरी तुम्ही 'खरं काय' असंही विचारलंय, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते आणि मग मावशींकडे येते.

चेअरमनसाहेब आणि तुमचा मुलगा एकमेकांशी वाद घालत असतील, पण मला दोघांचं म्हणणं सारखंच वाटलं. एक चिडून बोलतो, दुसरा कळवळून. अर्थ मात्र एकच निघतो, की गरीब माणूस चोरी करणार. मुलाला हे वाचून वाईट वाटेल, कारण त्याचा हेतू चांगला आहे. पण गेटवर पिशवी उघडली गेली तेव्हा त्या हेतूचा मावशींना काही उपयोग झाला नाही.

विषमतेचा आणि चोरीचा संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्ये एक मांडणी केली, ती तुमच्या मुलाला अभ्यासाला असेल. चोरही हिशेब करतो, असं बेकर सांगतो: घबाड केवढं मिळेल, पकडलं जाण्याची भीती किती, आणि तेवढेच कष्ट सरळ कामात घातले तर पदरात काय पडेल. समाजात दरी वाढली की एका बाजूला घबाड मोठं होतं आणि दुसऱ्या बाजूला कष्टाची किंमत त्याच्यापुढे कवडीमोल दिसू लागते. तुमच्याच इमारतीतला हिशेब करून पाहा. आजच्या भावाने अकरा तोळे म्हणजे अकरा लाखांच्या वर. २,४०० रुपये महिन्याने अकरा लाख व्हायला मावशींना तुमच्या घरी ३८ वर्षं भांडी घासावी लागतील. आणि ही गोष्ट एका सोसायटीपुरती नाही. थॉमा पिकेटी हे फ्रेंच अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये भारताचे आकडे मांडले. २०२२-२३ साली देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला होता आणि खालच्या निम्म्या लोकांच्या वाट्याला १५ टक्के आले होते.

एवढी दरी असेल तर चोऱ्या वाढायलाच हव्यात, असं वाटणं साहजिक आहे. पण अभ्यासकांनी प्रत्यक्ष आकडे तपासले तेव्हा गोष्ट इतकी सरळ निघाली नाही. मॉर्गन केली या संशोधकाने अमेरिकेतल्या काउंटींचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांचे आकडे घेऊन २००० साली निबंध लिहिला. त्यात विषमतेचा जोरदार संबंध दिसला तो मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांशी. चोरी-घरफोडीशी दिसलाच नाही. चोरी-घरफोडीचा संबंध गरिबीशी आणि पोलिसांच्या कामाशी लागला. त्याच देशात १९९१ साली दर लाख लोकसंख्येमागे मालमत्तेचे ५,१०० हून अधिक गुन्हे नोंदले गेले होते, २०२२ पर्यंत ते २,००० च्या आसपास आले. या तीस वर्षांत तिथल्या श्रीमंतांचा वाटा वाढतच गेला होता. २००८ च्या मंदीत लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हाही चोऱ्यांचे आकडे खाली येणं थांबलं नाही.

मग संबंध दिसतो कुठे? एक तर भुकेशी दिसतो. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियात अतिवृष्टीने पीक बुडालं आणि 'राय' या धान्याचा भाव चढला की चोऱ्या वाढत, हे तिथल्या जुन्या नोंदींवरून दिसतं. (मारामाऱ्या मात्र घटत. बियरही महाग होत असल्यामुळे तसं होत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे.) भारतातल्या जिल्ह्यांचे आकडेही तेच सांगतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी मालमत्तेचे गुन्हे वाढतात. ही हातातोंडाची गाठ तुटल्यावरची चोरी झाली. बंद फ्लॅट हेरून, रात्री हत्यारं घेऊन येणारी टोळी हा प्रकार वेगळा.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतला आहे. जगातल्या सगळ्यात विषम देशांमध्ये त्याची गणना होते. गेब्रिएल डेमोम्बिन्स आणि बर्क ओझलर या दोघांनी तिथल्या पोलिस ठाण्यांच्या हद्दींचे आकडे तपासले आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. आजूबाजूच्या हद्दींपेक्षा जी हद्द सर्वांत श्रीमंत, तिथे घरफोडीचं प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी जास्त होतं. त्यांनी लावलेला अर्थ असा, की जिथे घबाड मोठं तिथे चोर प्रवास करून येतो.

हा 'प्रवास करून येतो' भाग सभेत वाचून दाखवा. श्रीमंत इमारतीला लागून गरीब वस्ती आहे म्हणून चोर त्या वस्तीतलाच, असा अर्थ या संशोधनातून कुणालाही काढता येत नाही. विषमतेचे आकडे एखाद्या शहराबद्दल, एखाद्या हद्दीबद्दल बोलतात. चौदा वर्षं तुमच्या कपाटासमोरून केर काढत गेलेल्या बाईबद्दल ते एक अक्षरही सांगत नाहीत. तिच्याबद्दल बोलायचंच, तर तुमच्या घरात चौदा वर्षांत काय गेलं, हा एकच पुरावा तुमच्या हातात आहे. पत्रात तुम्ही काहीच गेल्याचं लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाने लक्षात घ्यावी असं मला मनापासून वाटतं. चोरीचा मार गरिबालाही बसतो, आणि बरेचदा जास्त बसतो. अमेरिकेत दरवर्षी घरोघरी जाऊन गुन्ह्यांची विचारपूस करतात, त्यात कमी उत्पन्नाच्या घरांमध्ये घरफोडीचं प्रमाण जास्त आढळतं. आपल्याकडे वस्तीत काय जातं? गॅसचा सिलिंडर जातो, पाण्याची मोटर जाते, मुलाची सायकल जाते, खिडकीशी चार्जिंगला लावलेला मोबाईल जातो. त्याची बातमी कुठे येत नाही. चौकीत गेलं तर मोबाईल 'गहाळ' झाल्याचा दाखला हातात पडतो, आणि गहाळ झालेली वस्तू चोरीच्या आकड्यात मोजली जात नाही. अकरा तोळ्यांची घरफोडी मात्र वर्तमानपत्रात येते. मग वाचणाऱ्याला वाटतं, की चोरी म्हणजे वस्तीने सोसायटीला लुटणं. मावशींच्या घरी कधी चोरी झाली का, हे चौदा वर्षांत तुमच्यापैकी कुणी विचारलं आहे का? भेटाल तेव्हा विचारा.

पूर्ण समाजाला चोर ठरवलं की काय होतं, हे आपल्या राज्याने पाहिलेलं आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. कितीतरी जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची 'सेटलमेंट' होती. आत राहणाऱ्या बायाबापड्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून बाहेर पाऊल टाकता येत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कुठे दरोडा पडला की आधी पारधी पालावरची माणसं उचलतात, ही तक्रार अजून थांबलेली नाही. तुमच्या सोसायटीचा ठराव आणि तो कायदा एका मापाचे नाहीत, हे मला कळतं. सुरुवात मात्र दोन्हीकडे तिथूनच झाली: माणूस कुठून आला ते पाहायचं आणि त्यावरून त्याने काय केलं असेल ते ठरवायचं.

माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. १९८९ ची दिवाळी होती. चांदीची भांडी घासून, पुसून ओळीने मांडली तेव्हा एक वाटी कमी भरली. मुलीच्या बारशाला आलेली, काठाला बारीक वेलबुट्टी होती. सासूबाईंनी भांडी घासणाऱ्या बाईंना एवढंच विचारलं, "तू पाहिलीस का गं?" आवाज चढवला नाही, आरोप केला नाही. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि आमच्यासमोर धरली. आत दोन रुपयांची नोट, तंबाखूची पुडी आणि एक सेफ्टी पिन होती. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी ती गाठ सोडून दाखवली. महिना भरेपर्यंत त्या आल्या, नंतर आल्या नाहीत. ती वाटी आजतागायत मिळालेली नाही. ती कुणी नेली, की अडगळीतच कुठे पडली, मला खरंच माहीत नाही. मी तेव्हा तिथे उभी होते आणि "अहो, राहू द्या, बांधा ती गाठ" एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

आता तुमच्या ठरावाबद्दल. रात्री कडीकोयंडा उचकटून आत शिरलेला माणूस दुपारी बारा वाजता गेटमधून पिशवी घेऊन बाहेर पडत नाही. त्यामुळे झालेल्या चोरीशी या तपासणीचा काडीचा संबंध नाही. वॉचमनला किंवा कमिटीला कुणाची झडती घेण्याचा अधिकारही नाही. अगदी पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाई पोलिसाकडूनच आणि तिची अब्रू सांभाळून घ्यावी लागते. बाहेर जाणाऱ्या पिशव्या पाहायच्याच असं सभेला वाटत असेल, तर सगळ्यांच्या पाहा. तुमची, चेअरमनसाहेबांची, पाहुण्यांची, कुरिअरवाल्याची. हे सभासदांना मान्य होणार नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर ठराव रद्द करा. सेक्रेटरी म्हणून तो विषय तुम्हीच पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घेऊ शकता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पोलिस जबाबाची आहे. घरफोडीनंतर जबाब लिहून घेताना अधिकारी हमखास विचारतात, "कोणावर संशय?" माणूस तेव्हा हादरलेला असतो. घरी कोण येतं-जातं ते आठवायला लागतो आणि पहिलं नाव कामवाल्या बाईचं तोंडात येतं. हे नाव घेणं किती जड आहे ते सभासदांना सांगा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात नोकराने मालकाच्या घरी चोरी केली तर कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत. एका शब्दाने बाईला चार-चार दिवस चौकीच्या बाकावर बसावं लागतं, आणि तेवढ्यात बाकीच्या तीन घरांचं कामही सुटतं. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. पाहिलं नसेल तर 'अज्ञात चोरटे' एवढं पुरे आहे. ज्या दोन घरांत चोरी झाली त्यांनी एफआयआरची प्रत घेतली का तेही बघा, ती फुकट मिळते. तिच्यात संशयित म्हणून कुणाचं नाव गेलं असेल आणि त्याला आधार नसेल, तर त्या सभासदांना पुरवणी जबाब द्यायला सांगा.

बंदोबस्ताचं म्हणाल, तर घरफोडी करणारे आधी रेकी करतात आणि बंद घर शोधतात. दाराला बाहेरून लटकणारं कुलूप, चार दिवस साचलेली वर्तमानपत्रं, संध्याकाळीही अंधारात असलेली बाल्कनी, याच खुणा ते पाहतात. गावाला जाणाऱ्याने वॉचमनला आणि शेजाऱ्याला सांगून जावं, दाराला आतल्या बाजूचं लॅच बसवावं, दागिने लॉकरमध्ये ठेवावेत. तुम्ही बँकेतले, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असेल, की २०२२ पासून बँकेत चोरी झाली तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत बँक जबाबदार असते. आणि रात्रीच्या वॉचमनशी एकदा बसून बोला. सलग किती तासांची ड्युटी आहे, एजन्सीकडून त्याच्या हातात नक्की किती पडतात, पीएफ कापतात का. चौसष्ट घरांची राखण ज्याच्या भरवशावर आहे तो रात्री तीनला झोपेने कोलमडत असेल, तर बाईची पिशवी उघडून काही साधणार नाही.

मुलाला व्यवस्थेबद्दल काही करायचं असेल तर त्याला एक उदाहरण द्या. ब्राझीलमध्ये गरीब घरांना थेट पैसे देणारी 'बोल्सा फामिलिया' योजना आहे. २००८ मध्ये १६-१७ वर्षांच्या मुलांसाठीही ती लागू झाली, तेव्हा साओ पाउलो शहरात अशी मुलं जास्त असलेल्या शाळांच्या परिसरात गुन्हे कमी झाल्याचं अभ्यासकांना आढळलं. घरात दोन पैसे नियमित येऊ लागले की फरक पडतो. सोसायटीतल्या चौसष्ट घरांच्या हातात तेवढं तर नक्की आहे. कामाच्या बायकांना आठवड्याची सुट्टी, आजारपणात पगार न कापणं, दरवर्षी ठरलेली वाढ, दिवाळीचा बोनस, हे सगळं सभेत ठरवता येतं. २००८ च्या कायद्याने आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. तिथल्या नोंदणीसाठी मुलाने एक रविवार काढून बायकांचे अर्ज भरून दिले तर त्याच्या अभ्यासाचं चीज होईल.

आता मावशी. निरोप पाठवू नका, फोनही करू नका. तुम्ही आणि तुमची पत्नी, दोघं त्यांच्या घरी जा. मुलालाही न्या. चार घरची कामं उरकून त्या रात्री आठनंतरच टेकत असतील, तेव्हा त्या वेळेला जा. साडी-नारळ घेऊन जाऊ नका, त्याने बोलणं दुसरीकडेच जातं. "त्या दिवशी जे झालं ते चुकलं, आणि सेक्रेटरी मी आहे" एवढं स्पष्ट बोला. सभेने ठरवलं, वॉचमनने केलं, असं काही सांगू नका. अपमान गेटवर चार लोकांसमोर झाला आहे, त्यामुळे माफीही तिथेच, त्याच वॉचमनसमोर मागायची तयारी ठेवा, त्यांना चालणार असेल तर. नऊ दिवसांचे पैसे कापायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

त्या परत येतील असं धरून जाऊ नका. कदाचित "दादा, आता नको" असं म्हणतील. तेव्हा मनधरणी करत बसू नका, हिशेब पूर्ण करा. तुम्हाला बँकेतून निघताना ग्रॅच्युइटी मिळाली असेल, सूत्र पाठच असेल: महिन्याचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. घरकाम करणाऱ्या बाईला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू नाही, पण तुम्हाला तो स्वतःला लावून घ्यायला कुणाची आडकाठी नाही. चौदा वर्षांचे १९,३८५ रुपये होतात. ते पाकिटात घालून आधीच सोबत ठेवा, म्हणजे "उद्या पाठवतो" म्हणायची वेळ येणार नाही. आणि त्या येते म्हणाल्या, तरी पगाराचा आकडा तिथेच बसून नव्याने ठरवा. तो आकडा आधी त्यांना सांगू द्या.

डबा अजून वॉचमनच्या केबिनमध्येच असेल. तो आज संध्याकाळीच स्वतः जाऊन घेऊन या, घासून ठेवा. घरातून दिलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तुमच्या पत्नीला ठाऊक आहेच.